गारगोटी, तांबं आणि गॅलियम: एआय नेमकं कशावर उभं आहे

एनव्हीडियाच्या एच१०० या एआय चिपसाठी गेली काही वर्षं जगभरातल्या कंपन्या रांगा लावून होत्या. तिच्यातला सिलिकॉनचा तुकडा जेमतेम तीन सेंटिमीटर लांब-रुंद, आणि त्यावर ८,००० कोटी ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचे अतिसूक्ष्म स्विच. ज्या चकतीतून हा तुकडा कापतात तिची जाडी पाऊण मिलिमीटरच्या किंचित वर असते. त्यावरून हिशोब केला तर तुकड्याचं वजन भरतं साधारण दीड ग्रॅम. पृथ्वीच्या कवचात वजनानं जवळजवळ २८ टक्के सिलिकॉन आहे, ऑक्सिजनच्या खालोखाल. म्हणजे एआयला लागणारा मुख्य पदार्थ आपल्या पायाखाली आहे आणि तो संपण्याचा प्रश्नच नाही. मग अमेरिका, चीन, युरोप खनिजांवरून एवढे हातघाईवर का आलेत? भारतानं २०२३ मध्ये ३० ‘अत्यावश्यक खनिजां’ची यादी कशासाठी जाहीर केली?

‘टंचाई’ म्हणून आपण जे ऐकतो त्यात दोन निरनिराळ्या अडचणी असतात. काही खनिजं मुबलक आहेत, पण हवी तितकी शुद्ध करून देणारे जगात मोजके. काहींचं शुद्धीकरण सगळ्यांना जमतं, पण ती लागतात डोंगराएवढी. बातम्यांत या दोन्हींची सरमिसळ होते, आणि मग ‘अमुक जिल्ह्यात साठा सापडला’ एवढ्यावर आपण खूश होतो. साठ्यापासून चिपपर्यंतचा रस्ता कसा आहे ते पाहिलं की या बातम्या वेगळ्या नजरेनं वाचता येतात.

सुरुवात सिलिकॉनपासूनच करू. सिलिकॉन निसर्गात सुटं मिळत नाही, ऑक्सिजनला घट्ट धरून बसलेलं असतं. गारगोटी, वाळू, स्फटिक ही त्याचीच रूपं. सिंधुदुर्गात कासार्डे परिसरातून सिलिका वाळू निघते. ती काच कारखान्यांना आणि फाउंड्र्यांना चालते. चिपसाठी मात्र गारगोटीचे खडे, कोळसा आणि लाकडाचे तुकडे विजेच्या भट्टीत २,००० अंश सेल्सियसच्या आसपास तापवावे लागतात. कार्बन ऑक्सिजनला ओढून घेतो, खाली वितळलेलं सिलिकॉन उरतं. शुद्धता ९८-९९ टक्के. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना एवढं पुरतं, चिपला अजिबात नाही.

पुढची पायरी मला या सगळ्या प्रवासातली सगळ्यांत हुशारीची वाटते. घन पदार्थातली घाण काढणं कठीण, द्रवातली काढणं सोपं. म्हणून सिलिकॉनची हायड्रोजन क्लोराइडशी प्रक्रिया करून ट्रायक्लोरोसिलेन नावाचा द्रव करतात. हा द्रव ३२ अंशांच्या आसपासच उकळतो, म्हणजे मुंबईच्या उन्हाळ्यातल्या दुपारी उघड्यावर ठेवला तरी उकळेल. तो पुन्हा पुन्हा उकळून, थंड करून, ऊर्ध्वपातनानं साफ करायचा. लोह, बोरॉन, फॉस्फरस वेगळे होतात. मग त्याची वाफ हायड्रोजनसोबत तापलेल्या सळ्यांवर सोडायची, की सळ्यांवर शुद्ध सिलिकॉनचा थर चढत जातो. या धंद्यातली माणसं शुद्धता ‘नऊ’मध्ये मोजतात. चिपसाठी अकरा नऊपर्यंत जावं लागतं: ९९.९९९९९९९९९ टक्के. दहा हजार कोटी अणूंमागे एखादाच परका अणू. हे काम सातत्यानं करणाऱ्या कंपन्या जर्मनी, अमेरिका, जपान अशा थोड्याच ठिकाणी आहेत.

एवढं करूनही हे सिलिकॉन असंख्य लहान स्फटिकांचं बनलेलं असतं. ट्रान्झिस्टर कोरायचे तर सगळा ठोकळा मिळून एकच अखंड स्फटिक हवा. त्यासाठी ते मुशीत १,४१४ अंशांच्या वर वितळवतात, त्यात स्फटिकाचा एक छोटा ‘बी’ टेकवतात आणि गोल फिरवत अगदी हळू वर ओढतात. पाकात सोडलेल्या दोऱ्यावर खडीसाखर धरते तसं त्या बियाभोवती सिलिकॉन जमत जातं, आणि माणसाएवढ्या उंचीचा दंडगोल तयार होतो. पोलंडचे यान चोख्राल्स्की यांनी १९१६ साली शोधलेली ही पद्धत आजही चिप उद्योगाचा कणा आहे. या दंडगोलाचे काप म्हणजे वेफर. ३०० मिलिमीटर व्यासाच्या एका वेफरवर एच१००सारखे साठेक तुकडे बसतात.

आता ती मूस कशाची करायची? वितळलेलं सिलिकॉन मुशीची आतली बाजू थोडी थोडी खात असतं. मुशीत ॲल्युमिनियम, लोह, सोडियम असलं की ते थेट स्फटिकात उतरणार आणि अकरा नऊंची सगळी मेहनत पाण्यात. म्हणून मूसही अतिशुद्ध गारगोटीचीच लागते, आणि अशी गारगोटी मोठ्या प्रमाणावर देणारं सगळ्यांत नावाजलेलं ठिकाण आहे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं स्प्रूस पाइन, दोनेक हजार वस्तीचं डोंगरातलं गाव. सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वी तिथे जमिनीखाली खोल वितळलेला खडक सावकाश थंड झाला. त्यात पाणी फार थोडं होतं. खनिजांमध्ये अशुद्धी बहुधा पाण्याबरोबर शिरते, त्यामुळे इथली गारगोटी जन्मतःच स्वच्छ राहिली. गंमत म्हणजे एकेकाळी त्या खाणी अभ्रकासाठी आणि फेल्डस्पारसाठी चालत, गारगोटी टाकाऊ समजली जाई. आज तिथे दोनच कंपन्या खाणकाम करतात, सिबेल्को आणि द क्वार्ट्झ कॉर्प.

सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन चक्रीवादळाच्या पावसानं हे गाव अक्षरशः बुडालं. रस्ते, रेल्वे, वीज गेली, दोन्ही कंपन्यांचं काम थांबलं. जगभरच्या उद्योगाचे डोळे एका डोंगराळ गावाकडे लागले. ऑक्टोबरमध्ये काम हळूहळू सुरू झालं, मधल्या काळात साठ्यांनी निभावून नेलं. मोठा फटका बसला नाही. पण त्या काही आठवड्यांत लाखो कोटींच्या उद्योगाचा एक खांब कुठे रोवलेला आहे ते सगळ्यांना दिसलं. मूस एकदाच वापरता येते. थंड झाली की तडकते, टाकून द्यावी लागते. म्हणजे या गारगोटीची गरज रोजची आहे.

वेफर तयार झाल्यावर त्यावर जे चढवतात त्याची तर वेगळीच यादी. वीज वाहून नेणाऱ्या तारा तांब्याच्या. आधी त्या ॲल्युमिनियमच्या असत, १९९७ मध्ये आयबीएमनं तांबं वापरून दाखवलं. तांबं सिलिकॉनमध्ये झिरपू नये म्हणून मध्ये टँटलमचा पडदा. खालच्या जोडण्या टंगस्टनच्या. आणि ट्रान्झिस्टरच्या दारावर हाफ्नियम. याची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. ट्रान्झिस्टरमधला विजेला अडवणारा थर पूर्वी सिलिकॉन डायऑक्साइडचा असे. तो पातळ करत करत काही अणूंच्या जाडीपर्यंत आला, तेव्हा त्यातून वीज गळू लागली. इंटेलनं २००७ मध्ये हाफ्नियमचं संयुग आणलं आणि गळती आटोक्यात आली. पण हाफ्नियमची खाण नसते. ते झिर्कोनियमसोबत येतं, थोडंसंच. अणुभट्टीत इंधनाच्या नळ्या झिर्कोनियमच्या असतात, कारण ते न्यूट्रॉन अडवत नाही. हाफ्नियम मात्र न्यूट्रॉन गिळतं, म्हणून ते काढून टाकावंच लागतं. त्या काढून टाकलेल्या मालातून जगाला हाफ्नियम मिळतं. चिपवाल्यांना जास्त हवं झालं म्हणून ते वाढत नाही. अणुभट्ट्यांसाठी किती झिर्कोनियम साफ होतंय त्यावर ते ठरतं.

ही जोडउत्पादनाची अडचण समजली की गॅलियमचं राजकारण समजतं.

गॅलियम हा हाताच्या उबेनं वितळणारा धातू, २९.८ अंशांना. डेटा सेंटरमध्ये तो दोन ठिकाणी असतो. एक, वीजपुरवठ्याच्या भागांत: गॅलियम नायट्राइडचे स्विच कमी उष्णता सोडून जास्त वीज हाताळतात. दुसरं, सर्व्हरना जोडणाऱ्या प्रकाशवाहक तारांच्या टोकाला असलेल्या छोट्या लेझरमध्ये. हजारो चिप एकमेकींशी बोलतात तेव्हाच एआयचं मोठं मॉडेल शिकतं, आणि त्यांचं बरंचसं बोलणं या लेझरमधून होतं. २०२४ मध्ये जगात प्राथमिक, म्हणजे भंगारातून नव्हे तर खनिजातून काढलेलं, गॅलियम तयार झालं साधारण ७६० टन. एवढंसं. त्यातलं ९८ टक्क्यांहून जास्त चीनमधलं.

ते चीनच्या जमिनीत जास्त आहे म्हणून नव्हे. गॅलियम बॉक्साइटमध्ये, म्हणजे ॲल्युमिनियमच्या खनिजात असतं, टनामागे सरासरी ५० ग्रॅम, आणि बॉक्साइट ऑस्ट्रेलियापासून गिनीपर्यंत सगळीकडे आहे. आपल्याकडेही आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरीजवळच्या दुर्गमानवाडचा बॉक्साइट बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्यासाठीच ओळखला जातो. ॲल्युमिना म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, धातूच्या आधीची पायरी. अशा कारखान्यांत बॉक्साइट दळून गरम कॉस्टिक सोड्यात विरघळवतात. ॲल्युमिनियमबरोबर थोडं गॅलियमही विरघळतं. ॲल्युमिना काढून घेतला की तोच सोडा पुन्हा वापरात येतो, आणि प्रत्येक फेरीत त्यातलं गॅलियम वाढत जातं. विशिष्ट रेझिनमधून तो द्रव सोडला तर गॅलियम धरता येतं, मग विद्युतविघटनानं धातू मिळतो. हे गुपित नाही, रसायनशास्त्राला ते कित्येक दशकं ठाऊक आहे. पण ॲल्युमिना विकणाऱ्या कारखान्याच्या उत्पन्नात गॅलियमचा वाटा नगण्य, मग जोडयंत्रणा कोण बसवणार? चीननं आपला अफाट ॲल्युमिना उद्योग उभारताना ती बसवली, भाव पाडले, आणि बाकीच्यांना परवडेना. कझाकस्ताननं २०१३ मध्ये, हंगेरीनं २०१५ मध्ये आणि जर्मनीनं २०१६ मध्ये प्राथमिक उत्पादन थांबवलं.

मग १ ऑगस्ट २०२३ पासून चीननं गॅलियम आणि जर्मेनियमच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. जर्मेनियम जस्ताबरोबर आणि काही ठिकाणी कोळशाच्या राखेतून मिळतं, फायबर केबलच्या गाभ्यात ते लागतं. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेला हे दोन्ही आणि अँटिमनी द्यायला सरळ बंदी. नोव्हेंबर २०२५ मध्ये बंदीला स्थगिती मिळाली, तीही २७ नोव्हेंबर २०२६ पर्यंतच. दुर्मीळ मृदा धातूंची कथाही याच वळणानं गेली. एप्रिल २०२५ मध्ये त्यांपैकी सात धातूंवर निर्यातबंधनं आली. हार्ड डिस्कमधला वाचणारा हात हलवणारं चुंबक निओडिमियमचं असतं. चिप कोरण्याच्या यंत्रांच्या आतल्या भिंती प्लाझ्मानं, म्हणजे विद्युतभारित वायूनं झिजू नयेत म्हणून त्यांना यट्रियमच्या ऑक्साइडचा लेप देतात, आणि यट्रियम त्या सातांत आहे.

इथपर्यंतची सगळी खनिजं ग्रॅममध्ये आणि टनांत. तांब्याचं तसं नाही. तांब्याचा प्रश्न शुद्धतेचा नाही, ढिगाचा आहे.

एनव्हीडियाच्या जीबी२०० एनव्हीएल७२ या एका कपाटाचं उदाहरण घ्या. त्यात ७२ चिप, वजन १,३०० किलोच्या वर, आणि चिप एकमेकींना जोडायला ५,००० हून जास्त तांब्याच्या केबल. त्या एकापुढे एक लावल्या तर तीन किलोमीटरच्या वर जातील. हे कपाट साधारण १२० किलोवॉट वीज घेतं, म्हणजे पूर्ण भारावर दिवसाला २,८८० युनिट. महिन्याला २०० युनिट जाळणाऱ्या घराला एवढी वीज जवळपास सव्वा वर्ष पुरते. अशी कपाटं शेकड्यांनी उभी केली की त्यांच्यापर्यंत वीज आणायला जाड बसबार, ट्रान्सफॉर्मर, भूमिगत केबल, अर्थिंग, जनरेटर, यूपीएस आणि थंडाव्याची यंत्रं लागतात. या सगळ्यात तांबं आहे. तांबे उद्योगात मायक्रोसॉफ्टच्या शिकागोतल्या डेटा सेंटरचं उदाहरण नेहमी देतात: २,१७७ टन तांबं, मेगावॉटमागे सुमारे २७ टन. नव्या रचनांत आकडा कमी-जास्त होईल, पण अंदाज येतो.

आता हे मागे खाणीपर्यंत नेऊ. आजच्या मोठ्या खाणींत दगडात तांबं असतं ०.६ टक्क्यांच्या आसपास. प्रक्रियेतली घट धरली तर २७ टन तांब्यासाठी सुमारे ५,००० टन दगड फोडून, दळून, पाण्यात फेसाळून तांब्याचे कण वेगळे करावे लागतात. वरून बाजूला सारलेला निरुपयोगी खडक वेगळाच. उरलेला चिखल बांध घालून कायमचा सांभाळावा लागतो. चिलीतली एस्कोंदिदा ही जगातली सगळ्यांत मोठी तांब्याची खाण अटाकामाच्या वाळवंटात, समुद्रसपाटीपासून तीन किलोमीटर उंचीवर आहे. तिथे पॅसिफिकचं पाणी गोडं करून, नळातून डोंगर चढवून आणतात. डेटा सेंटरचं पाणी मोजताना हे पाणी कुणी धरत नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. ‘एआय जगातलं तांबं खाऊन टाकणार’ असे मथळे येतात ते अतिशयोक्तीचे आहेत. बीएचपी या खाणकंपनीच्या अंदाजानुसार डेटा सेंटरना आज वर्षाला पाचेक लाख टन तांबं लागतं, २०५० पर्यंत ते ३० लाख टनांवर जाईल. खाणींतून दरवर्षी निघतं सुमारे २.३ कोटी टन. आजचा वाटा दोन टक्क्यांच्या जवळपास. खरी चणचण अशी की विजेच्या गाड्या, सौर प्रकल्प, नव्या वाहिन्या, घरोघरचे एसी हे सगळं त्याच वेळी वाढतंय, आणि नवी खाण सापडल्यापासून चालू व्हायला पंधरा वर्षांच्या वर लागतात. सप्टेंबर २०२५ मध्ये इंडोनेशियातल्या ग्रासबर्ग खाणीत आठ लाख टन चिखल भुयारांत घुसला. सात कामगार गेले, आणि जगातल्या सगळ्यांत मोठ्या खाणींपैकी एक अडकून पडली. डेटा सेंटर दोन वर्षांत उभं राहतं, त्याला लागणारी खाण तशी उभी राहत नाही.

नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात देशातली सगळ्यांत दाट डेटा सेंटर वस्ती उभी राहते आहे. समुद्राखालच्या केबल मुंबईत किनाऱ्याला लागतात, त्याचा हा फायदा. तिथे लागणारं तांबं देशात पुरेसं होत नाही. बालाघाट जिल्ह्यातली मलाजखंडची खाण गोंदियाच्या पलीकडेच आहे, पण देशाच्या गरजेपुढे तिचं उत्पादन थोडं. थुथुकुडीचा वर्षाला चार लाख टनांचा तांबे कारखाना २०१८ मध्ये बंद झाला. त्याच्या प्रदूषणाविरुद्ध लोक रस्त्यावर आले होते, पोलिसांच्या गोळीबारात १३ जण मारले गेले. त्यानंतर भारत शुद्ध तांब्याचा निर्यातदार होता तो आयातदार झाला. ‘शुद्धीकरण आपल्याकडे हवं’ असं मीही म्हणेन, पण ते कुणाच्या अंगणात आणि कुणाच्या पाण्याजवळ, हे विचारल्याशिवाय म्हणता येणार नाही.

पूर्व काँगोतलं रुबाया हे ठिकाणही नजरेआड करू नये असं मला फार वाटतं. तिथल्या डोंगरात कोल्टान सापडतं, टँटलमचं खनिज. टँटलमचे अगदी बारीक कपॅसिटर सर्व्हरच्या बोर्डांवर चिपला मिळणारी वीज स्थिर ठेवतात. रुबायात माणसं फावड्यानं डोंगर खणतात, काळा जड गाळ झऱ्याच्या पाण्यात धुतात, पोत्यांत भरून पाठीवर खाली आणतात. एप्रिल २०२४ मध्ये एम२३ या बंडखोर गटानं हा भाग ताब्यात घेतला. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाच्या म्हणण्यानुसार हा गट तिथल्या कोल्टानवर कर लावून महिन्याला किमान आठ लाख डॉलर मिळवत होता, आणि तो माल रवांडात नेऊन तिथल्या मालात मिसळला जात होता. जगातलं सुमारे १५ टक्के कोल्टान या एका परिसरातलं. अमेरिकेनं २०१० मध्येच टँटलम, कथील, टंगस्टन आणि सोनं यांच्या उगमाची चौकशी कंपन्यांना बंधनकारक केली. पोत्यांवर खुणेचे टॅगही लागले. पण एकदा दुसऱ्या मालात मिसळून भट्टीत गेलेला धातू आपला गाव सांगत नाही.

कथलाचंही तसंच. जगातलं निम्मं कथील सोल्डरमध्ये जातं, म्हणजे चिप बोर्डाला चिकटवणाऱ्या हजारो ठिपक्यांत. त्यातलं बरंच इंडोनेशियातल्या बांका बेटाच्या आसपास समुद्राचा तळ उपसून येतं, आणि तिथल्या कोळ्यांची तक्रार आहे की गढूळ पाण्यात मासळी मिळेनाशी झाली.

भारत सरकारनं जानेवारी २०२५ मध्ये अत्यावश्यक खनिजांसाठी १६,३०० कोटी रुपयांचं राष्ट्रीय अभियान मंजूर केलं. त्यात नव्या साठ्यांच्या शोधाला मोठी जागा आहे. वरचं सगळं पाहिल्यावर मला वाटतं की अर्धा डोळा तरी आधीच चालू असलेल्या कारखान्यांच्या सोड्यावर, राखेवर आणि गाळावर हवा. गॅलियमसाठी नवा डोंगर फोडायला नको.

दुसरी जागा आहे भंगाराची. डेटा सेंटरमधली यंत्रं चार-सहा वर्षांत बदलतात. हार्ड डिस्कवरची माहिती कुणाच्या हाती पडू नये म्हणून बहुतेक ठिकाणी त्या थेट श्रेडरमध्ये घालतात. चुंबकाचा चुरा लोखंडाच्या चुऱ्याला चिकटतो आणि निओडिमियम त्या ढिगात हरवतं. डिस्क आधी उघडून चुंबक बाजूला काढायचं काम अवघड नाही, फक्त त्याला वेळ आणि मजुरी लागते. आपल्या २०२२च्या ई-कचरा नियमांत उत्पादकांनी परत मिळवायच्या धातूंचा हिशोब धरतात तो सोनं, तांबं, लोखंड आणि ॲल्युमिनियम या चारांचाच. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रानं अत्यावश्यक खनिजांच्या पुनर्वापरासाठी १,५०० कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर केली, ती त्यामुळेच महत्त्वाची. नियमांच्या त्या यादीत निओडिमियम आणि टँटलमही आले, तर नवी मुंबईतून बाहेर पडणाऱ्या पहिल्या मोठ्या भंगारापासूनच चुंबकं वेगळी काढणं परवडू लागेल.